तिसरं

नवा रंग मारलेलं घ्यायचंच नाही,
म्हेत्रे मिस्त्री रिक्षात बसतानाच बोलला.
म्हणून अशोक चौकामागं, कमरुद्दीनच्या आवारात,
चंदेरी चकाकणारी दोन सोडून
आम्ही कोपऱ्यातलं धुळकट इंजिन ओढून काढलं.
व्हॅनचं, तीन सिलिंडरचं.
इंडीच्या कुणा दूधवाल्याचं म्हणे.
चाललंय किती?
"मीटर गाडीबरोबर गेला की भाऊ,
इंजिनाला कुठं मीटर असतो."

एप्रिल. पत्र्याखाली
पाना पदरात धरल्याशिवाय उचलवेना,
म्हणजे पदर नाही, माझा रुमाल.
मिस्त्रीनं तेलाचं झाकण काढून बोट आत फिरवलं.
काळं आलं. काळं चालतं.
चहात दूध सांडल्यासारखं आलं असतं
तर पाणी तेलात उतरलंय, तिथूनच माघारी.
मग पुली दोन्ही हातांनी धरून
पुढं ओढली, मागं ढकलली.
केसभर हलली.
"एवढं हलायचंच बे, लोखंड हाय, देव न्हाई."

नान्नाला मी आणलं नव्हतं. तो आला.
छत्तीस वर्षं लूमवर,
डावा कान चौऱ्याण्णवात गेला,
उजवा कधी गेला ते घरात कुणाला कळलंच नाही,
आम्ही सगळे तसेही ओरडूनच बोलायचो.
तो एका फुटक्या बोनेटवर बसून
शेंगा सोलत होता
आणि टरफलं खिशात ठेवत होता.

ट्रकच्या टायरवर इंजिन मांडलं,
बॅटरीच्या वायरी जोडल्या,
पेट्रोलची बाटली खिळ्याला टांगली.
रेडिएटर नाही, मिनिटभरच, कमरुद्दीन म्हणाला.
पहिल्यांदा खोकलं. दुसऱ्यांदा लागलं.
मला वाटलं, छान. मला छानच वाटणार,
पंधरा जूनला शाळा,
चौदा पोरांचे आईबाप फोन करून थकलेले.

नान्ना उठला.
मिस्त्रीच्या हातातला लांब स्क्रूड्रायव्हर मागितलासुद्धा नाही, घेतला.
टोक हेडवर टेकवलं
आणि मूठ दातात धरली.
डोळे मिटले.
पहिल्यावर. दुसऱ्यावर.
तिथून सरकला आणि गालाचं हाड
जरासं थरथरलं, की मला तसं दिसलं.
"मूडोदी," तो म्हणाला.
तिसरं. लंगडतंय.

कमरुद्दीन हसला. म्हेत्रे नाही हसला.
इंजिन बंद करून प्लग काढले, गेज लावला.
एकशे साठ.
एकशे अठ्ठावन्न.
एकशे दहा.
कुणीच काही बोललं नाही,
बाजूला एक पोरगा हातोड्यानं
कुणाचा तरी दरवाजा सरळ करत होता.

मग मिस्त्रीनं तिसऱ्यात चमचाभर तेल सोडलं.
आकडा चढला तर रिंगा झिजल्या,
मग ठेव तिथंच.
पुन्हा फिरवलं. एकशे बारा.
"व्हॉल्व हाय," तो म्हणाला, "बसवता येतो."
आणि हेड उतरवून दाखव तरच पैसे, असं ठरलं.

हेड उतरलं. मिस्त्रीनं माझं बोट धरून आत नेलं,
भिंतीवरून वर, कडेपर्यंत.
"नख अडकलं तर सांग."
अडकलं नाही.
नान्नानंही घातलं बोट,
त्याचं नख धागा तोडून तोडून मधोमध चिरलेलं,
त्या चिरेत
इतकीशी पायरीसुद्धा सापडली असती.
त्यानं बोट धोतराला पुसलं.
अठरा हजारांचं साडेचौदाला तुटलं.

गॅरेजपर्यंत छोटा हत्ती.
इंजिन गुंडाळायला घरची चादर,
सेकंडची, एका बाजूचा मोर चुकलेला,
मिलनं न विकता कामगारांत वाटलेली.
आरटीओला लागेल म्हणून
मी इंजिनावरचा नंबर खरवडून वाचत होतो,
शेवटचा आकडा तीन की आठ कळेना.
नान्नाला जोरात विचारलं.
त्यानं ऐकलं नाही. तळहात चादरीवर ठेवून
तो मागं बसला होता,
गाडी अजून सुरूही झाली नव्हती.